पंच्याण्णवावं लेकरू

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी सकाळी लवकर डोकावलं, तर एक गोष्ट बघायला मिळते. डीप फ्रीजरमधून काढलेले प्लास्टिकचे चपटे आइसपॅक टेबलावर ओळीने मांडलेले असतात. त्यांना घाम फुटलेला असतो. सिस्टर त्यातला एक उचलते, कानाशी नेते आणि हलवते. आवाज येत नाही. पॅक परत टेबलावर. थोड्या वेळाने पुन्हा उचलते, पुन्हा हलवते, आणि आता आत पाणी डचमळल्याचा बारीक आवाज येतो. मग असे चार पॅक लसीच्या डब्यात चारी बाजूंनी बसतात, मधल्या जागेत लसींच्या बाटल्या जातात, आणि डबा मोटारसायकलवरून गावाकडे निघतो.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात लस तापू नये ही काळजी कुणालाही कळेल. पण सिस्टर कान लावून जे ऐकत असते, ते नेमकं उलट्या काळजीपोटी. फ्रीजरमधला पॅक शून्याखाली वीस अंशांपर्यंत गार झालेला असतो. तो तसाच डब्यात ठेवला, तर शेजारची पेंटाची बाटली गोठेल. पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच रोगांवरची एकच लस. तिच्यात ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात आणि लसीचा खरा ऐवज त्यांना चिकटून बसलेला असतो. एकदा ती गोठली की हे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात. वितळल्यावर बाटली वरवर पाहता पूर्वीसारखीच दिसते, पण फाटलेलं दूध पुन्हा दूध होत नाही, तसंच तिचं झालेलं असतं. पॅकमध्ये पाणी डचमळलं याचा अर्थ बर्फ वितळायला लागला, म्हणजे पॅक शून्य अंशाला आला. बाहेर विदर्भाचं ऊन, आणि त्या डब्यात लसीला थंडीपासून जपायचं! ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीने मांडलेल्या पॅककडे बघत राहिलो होतो.

दोन ते आठ अंश, एवढीच लसीची मोकळीक. पुण्याहून नागपूर, नागपूरहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी-हिंगणघाटकडची आरोग्य केंद्रं, तिथून उपकेंद्र किंवा अंगणवाडी. या सगळ्या वाटेवर ती मोकळीक सांभाळायची. आणि वाटेत लस किती तापली याची साक्ष द्यायला प्रत्येक बाटलीवर एक छोटंसं चिन्ह असतं: गडद वर्तुळ आणि त्याच्या पोटात फिका चौकोन. चौकोनातलं रसायन उष्णतेने हळूहळू गडद होतं आणि झालेलं गडद पुन्हा फिकं होत नाही. बाटली मध्येच तासभर उन्हात राहिली आणि नंतर कुणी ती गुपचूप फ्रीजमध्ये ठेवली, तरी चौकोन सगळं लक्षात ठेवतो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. हे वाचायला अक्षरओळखसुद्धा लागत नाही. नखाएवढ्या जागेत एवढा प्रामाणिक साक्षीदार बसवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपण वर्तमानपत्रात वाचतो की अमुक जिल्ह्यात इतके टक्के बालकांचं लसीकरण पूर्ण झालं. त्या टक्केवारीची सुरुवात मला त्या डचमळण्याच्या आवाजात ऐकू येते. पण टक्केवारी तिथून पुढे कशी बनते, ही गोष्टही तितकीच नवलाची आहे.

टक्का काढायचा म्हणजे वर एक आकडा हवा, खाली एक. वरचा सोपा: किती लेकरांना डोस दिले. खालचा म्हणजे किती लेकरांना द्यायला हवे होते, आणि इथे खरा पेच आहे. सरकारी हिशेबात हा आकडा बहुतेक वेळा लोकसंख्या आणि जन्मदर यांवरून अंदाजाने काढलेला असतो. आता आपल्याकडची रीत आठवा. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात समुद्रपूरहून यवतमाळ जिल्ह्यातल्या माहेरी जाते. बाळ तिथल्या दवाखान्यात जन्मतं. बीसीजी, पोलिओचा पहिला थेंब, कावीळ-बचा डोस तिथेच. दीड महिन्याचं झालं की पहिला पेंटाही बहुधा आजोळीच. मग सव्वा-तीन महिन्यांनी बाळ-बाळंतीण सासरी येतात आणि उरलेले डोस समुद्रपूरच्या खात्यात पडतात. बाळ एकच, पण वरच्या आकड्यात ते दोन जिल्ह्यांत विभागून पडतं आणि खालच्या आकड्यात भलत्याच ठिकाणी. म्हणून तर कधीकधी एखाद्या गावाचं लसीकरण शंभर टक्क्यांच्याही वर गेलेलं दिसतं! पाहुणी लेकरं वर मोजली गेली, खाली मोजली गेली नाहीत. आणि शंभराच्या वर गेलेल्या त्या गावातही एखादं लेकरू कोराच्या कोरा हात घेऊन अंगणात खेळत असू शकतं.

आशाताईच्या वहीतली ड्यू लिस्ट, म्हणजे डोस द्यायच्या बाळांची यादी, या गोंधळावरचा उतारा आहे. अंदाज नाही, नाव. कुणाच्या घरी सून आली, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाचं लेकरू सहा आठवड्यांचं झालं, हे तिला गल्लीतून फिरताना कळतं. आता यू-विन नावाची संगणकीय नोंद आली आहे, तिच्यात बाळाची नोंद आजोळीही सापडते आणि घरीही. पण त्या नोंदीत नाव जातं तेसुद्धा बहुतेक वेळा कुणीतरी दारात जाऊन विचारल्यावरच.

आकडा खरा की खोटा हे तपासायची दुसरी वाट म्हणजे घरोघरची पाहणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिने वयाच्या मुलांचं कार्ड बघतात, कार्ड नसेल तर आईला विचारतात. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण ५६ टक्के मुलांना सगळ्या मूलभूत लसी मिळालेल्या होत्या. २०१९-२१ मध्ये हा आकडा सुमारे ७३ वर आला. चढण मोठी आहे, आणि तरीही चारातलं एक लेकरू अपुरं.

आईला विचारतात म्हणजे काय विचारतात, हे ऐकण्यासारखं आहे. लसींची नावं कोण लक्षात ठेवणार? पण देशभर एक शिस्त ठरलेली आहे. बीसीजी डाव्या दंडावर, पेंटा डाव्या मांडीत, गोवर-रुबेला उजव्या दंडावर. त्यामुळे पाहणी करणारी मुलगी विचारते, मांडीत सुई दिली होती का, किती वेळा? आई मांडीत टोचल्यावर रात्रभर किरकिरलेलं लेकरू विसरत नाही. डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण तर बोटाने चाचपता येतो. तुमच्याही दंडावर तो असेल. लेकराचं अंगच लसीची नोंदवही होऊन जातं, आणि आईच्या आठवणीला उजवं-डावं सांभाळून ठेवतं.

छोट्या भागाचा आकडा काढायची एक जुनी जागतिक पद्धतही आहे, आणि आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी ती शिकतात. तीस गावं किंवा वस्त्या निवडायच्या, प्रत्येकीत सात मुलं बघायची. एकूण २१०. एवढ्यावर अख्ख्या भागाचा टक्का दहाच्या फरकाने कळतो. पण गावात गेल्यावर पहिलं घर कुठलं? सरपंचाचं निवडलं तर उत्तर चांगलंच येणार. म्हणून गावाच्या मध्यावर उभं राहून जमिनीवर बाटली किंवा पेन्सिल फिरवायची. टोक जिकडे, तिकडे चालायचं. त्या दिशेच्या घरांतलं पहिलं घर ठरवायला खिशातली नोट काढायची आणि तिच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे वाचायचे. खिशातल्या दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेने छापलेला आकडा ठरवतो की आज कुणाच्या दारात जायचं. निःपक्षपाती असण्यासाठी माणसाने शोधलेल्या युक्त्यांमध्ये ही मला फार देखणी वाटते.

आता मूळ प्रश्न. समजा ७३ चे ८५ झाले, ९० झाले. पुरे का नाही? सगळे जण पंच्याण्णव-पंच्याण्णव का म्हणतात?

उत्तर गोवरात आहे. माणसाला माहीत असलेल्या सगळ्या रोगांत गोवर सर्वांत वेगाने पसरणाऱ्यांपैकी. ज्या गावात कुणालाच संरक्षण नाही, तिथे गोवराचं एक लेकरू बारा ते अठरा जणांना रोग देतं. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते पसरवत असतं, म्हणजे कुणाला कळायच्या आधीच. ते खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो. आता हिशेब करा. एकामुळे अठरा जणांना लागण होऊ शकते. साखळी विझायची असेल तर एकामुळे एकालाही पुरती लागण होता कामा नये. म्हणजे अठरातले सतरा सुरक्षित हवेत. सतरा भागिले अठरा, चौऱ्याण्णवच्या थोडं वर. पंच्याण्णव हा आकडा कुणा साहेबाने ठरवलेला नाही, तो गोवरानेच ठरवलेला आहे.

इथेच सगळ्यात सुंदर गुंता आहे. गोवराची लस नऊ महिन्यांनी का देतात? जन्मताच का नाही? कारण आईने नाळेतून आपली प्रतिपिंडं बाळाला दिलेली असतात. ती पहिले काही महिने बाळाला गोवरापासून राखतात. पण लसीतही जिवंत, दुबळा केलेला गोवराचाच विषाणू असतो, आणि आईची प्रतिपिंडं त्यालाही ओळखून मारतात. लस लवकर दिली तर आईची माया तिला टिकू देत नाही. उशिरा दिली तर ती माया ओसरून गेलेली आणि लस अजून नाही, अशा उघड्या दिवसांत गोवर गाठतो. नऊ महिने हा या दोन्हींमधला साधलेला क्षण आहे. तरीही काही बाळांच्या अंगात आईचा अंश तेव्हाही शिल्लक असतो. म्हणून नऊ महिन्यांच्या डोसाने शंभरातली साधारण पंच्याऐंशी बाळंच सुरक्षित होतात.

थांबून विचार करा. गावातल्या शंभरच्या शंभर लेकरांना पहिला डोस दिला, एकही सुटलं नाही, तरी सुरक्षित पंच्याऐंशी. गोवराला हवं तेवढं मैदान अजून मोकळंच! म्हणून दीड वर्षाच्या आसपासचा दुसरा डोस. लोक त्याला सहज बूस्टर म्हणतात, आणि तिथेच ‘एक झाला ना, आता काय घाई’ असं होतं. गोवराचा दुसरा डोस म्हणजे पहिल्या वेळी जी पंधरा लेकरं आईच्या प्रतिपिंडांमुळे सुटली, त्यांच्यासाठीची दुसरी संधी. ती पंधरा कोणती हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून सगळ्यांना द्यायचा.

त्या बाटलीतला विषाणू आला कुठून? १९५४ साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ होती. डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या आजारी विद्यार्थ्याकडून डॉक्टरांनी नमुना घेतला आणि त्यातला विषाणू प्रयोगशाळेत वाढवला. पिढ्यान्‌पिढ्या परक्या पेशींत वाढवता वाढवता तो रोग द्यायचं विसरला, ओळख पटवायचं मात्र विसरला नाही. त्याचा एक वंश युरोपात झाग्रेबला आणखी घडवला गेला आणि एडमन्स्टन-झाग्रेब नावाने ओळखला जाऊ लागला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीत तोच आहे. बॉस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाचा आजार, झाग्रेबमार्गे, पुणेमार्गे, कारंजा-घाडगेच्या एखाद्या अंगणवाडीत बाळाच्या उजव्या दंडापर्यंत येऊन पोहोचतो.

आणि तो पोहोचला नाही तर? गोवर म्हणजे चार दिवसांचा ताप, दाराला कडुनिंबाचा पाला लावला की झालं, असं आपल्या आज्या समजत. पण गोवराचा विषाणू ज्या पेशींवर आधी हल्ला करतो, त्यांत शरीराच्या स्मृतिपेशी असतात, म्हणजे पूर्वी झालेल्या रोगांची ओळख जपणाऱ्या. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवर होऊन गेल्यावर त्यांच्या अंगातली जुन्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडं ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत पुसली गेली होती. लेकरू गोवरातून उठतं, पण त्याचं शरीर आपले जुने शत्रू विसरून गेलेलं असतं. मग पुढच्या काही महिन्यांत ते न्यूमोनियाने किंवा जुलाबाने जाऊ शकतं, आणि त्या मृत्यूवर गोवराचं नाव कुणी लिहीत नाही. लसीतला दुबळा विषाणू ही स्मृती पुसत नाही.

वर्ध्यात या विषयाला एक वेगळा इतिहासही आहे. इथे १९३६ साली शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, येऊन राहिलेले गांधीजी लसीच्या विरोधात होते. देवी काढण्याला, म्हणजे देवीची लस टोचण्याला, त्यांनी आपल्या आरोग्यविषयक लेखनात अस्वच्छ आणि चूक म्हटलं होतं. १९३० च्या सुरुवातीला साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि लेकरं दगावली. ते दुःख त्यांना खोल लागलं, हे त्यांच्या पत्रांतून कळतं. आणि त्याच सेवाग्रामात, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांच्याच वैद्य डॉ. सुशीला नायर यांनी ग्रामीण भारतासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. त्याचे विद्यार्थी आजही शिक्षणाच्या सुरुवातीलाच खेड्यात राहायला जातात, दत्तक घेतलेल्या कुटुंबांत बसतात, लेकरांच्या लसींची चौकशी करतात. मला यात गांधीजींचा पराभव दिसत नाही. खेड्यात जाऊन माणसाच्या दारात बसायचं, ही त्यांचीच शिकवण होती. तिच्या हातात फक्त सुई आली.

या सेवाग्रामातून निघालेली एक कल्पना मला नेहमी आठवते. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या गावांत काम करत होते. कुटुंबांकडून पिकाच्या वेळी ज्वारी गोळा करून आरोग्यविमा चालवण्याचा त्यांचा प्रयोग पुष्कळांना माहीत आहे. त्याच काळात त्यांनी लसीकरण वेगळ्या तऱ्हेने करून पाहिलं. वर्षभर येईल त्याला टोचत राहण्याऐवजी वर्षातला ठरावीक काळ धरायचा आणि गावातली सगळी पात्र लेकरं एकत्र घ्यायची. या अनुभवावरचा त्यांचा लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेल्लोरला डॉ. टी. जेकब जॉन पोलिओसाठी अशीच ठोक्याची, म्हणजे ‘पल्स’, पद्धत मांडत होते. पुढे १९९५ च्या डिसेंबरमध्ये देशभर सुरू झालेला पल्स पोलिओ याच विचाराचा. भारतातला रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यानंतर एकही नाही. या पद्धतीत मोजायचं ते गाव, एकटं लेकरू नव्हे. सगळ्यांना एकाच वेळी संरक्षण मिळालं की विषाणूला जायला घरच उरत नाही.

गाव मोजायचं ही गोष्ट आज अधिक महत्त्वाची झाली आहे. जिल्ह्याचा टक्का ही सरासरी असते. शंभरातली पाच सुटलेली लेकरं जिल्हाभर विखुरलेली असतील, तर गोवराला एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. तीच पाच एकाच वीटभट्टीवर, एकाच बेड्यावर, जिनिंगच्या आवारातल्या एकाच पत्र्याच्या रांगेत असतील, तर तिथला टक्का पंच्याण्णव नसतो, शून्य असतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मग भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला तो असाच दाट वस्त्यांतल्या सुटलेल्या लेकरांमधून. सुटलेली लेकरं सहसा एकटी नसतात. ज्या कारणाने एक सुटतं, त्याच कारणाने शेजारचंही सुटतं.

दुपार झाली आहे. अंगणवाडीतलं सत्र संपत आलंय. सकाळी एका आईने कुरकुर केली होती, “मांगच्या वेळी लय ताप आलता याले, ताई.” तिला सिस्टरने समजावलं, “येऊ दे थोडा, दोन दिवसांत उतरते. गोळी देतो ना.” आणि अर्धा तास बसवून ठेवलं. आता सगळी पांगली आहेत. ड्यू लिस्टवर खुणा झाल्या आहेत. गोवर-रुबेलाची तिन्ही लेकरं आज आलीच नाहीत, म्हणून ती बाटली अजून सीलबंद आहे. सिस्टर डबा बंद करायच्या बेतात असताना आशाताई एका बाईला घेऊन येते. भट्टीवरची, शेजारच्या राज्यातून आलेली. कडेवर लेकरू. कार्ड नाही. जन्म कधीचा? “राखी के टैम का.” सिस्टर बोटांवर मोजते. राखीपौर्णिमा, मग भादवा, आश्विन. वैशाख अर्धा सरलाय. नऊ महिने भरले आहेत.

बाटलीत पाच डोस आहेत. एकदा औषध पाण्यात कालवलं की चार तासांत वापरायचं, नाहीतर टाकायचं. आलेलं लेकरू एक. अशा वेळी पूर्वी पुष्कळदा सांगितलं जायचं, पुढच्या बुधवारी या, अजून दोघं-तिघं जमू द्या. पुढच्या बुधवारी भट्टीवर कोण असेल कुणास ठाऊक. आता नियमच असा आहे की एका लेकरासाठीही बाटली उघडायची. वाया जाणारे डोस मागणीत आधीच धरलेले असतात.

सिस्टर चौकोन बघते. फिका आहे. पिंगट काचेची बाटली उघडते, औषध कालवते आणि लेबलवर पेनाने वेळ लिहिते, २.१०. उजवा दंड पुसते. लेकरू आधी चकित होऊन तिच्याकडे बघतं, मग मोठ्याने रडतं. नव्या कार्डावर आईचं नाव लिहून होतं, आणि पत्त्याच्या ओळीशी पेन थांबतो. बाई जरा विचार करून भट्टीमालकाचं नाव सांगते. सिस्टर तेच लिहिते.